पावणं उठवा

१ जून २००२, शनिवार

काल निवृत्त झालो. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि मुख्याध्यापकांनी भाषणात मला इतिहासाचा शिक्षक केलं. मी जागेवरूनच उठून सांगितलं, "इतिहासाचा नव्हे, इंग्रजीचा. आणि माझ्या हाताखालून गेलेल्या पोराला इंग्रजीचं हातभर लांब वाक्य बघून घाम फुटत नाही, एवढं लिहून ठेवा." टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक कसनुसं हसले. जाताजाता कशाला वाईट वाटून घ्यायचं म्हणून मीही हसलो.

इतकी वर्षं रोज संध्याकाळी पाठाचं टाचण लिहीत आलो. आता तपासायला कोणी नाही, पण हाताची सवय जात नाही. म्हणून ही वही. इंग्रजी वाक्यं मी यात मराठी अक्षरांतच लिहिणार आहे. कारण ही वही माझी बायको बाळाबाई गुपचूप वाचणार, आणि इंग्रजी अक्षर दिसलं की ती पान उलटते.

बसून राहणं मला जमायचं नाही. पेंटरकडून बोर्ड करून घेतला: 'गणपती सरांचा इंग्रजीचा क्लास, कसबा बावडा'. माझं नाव गणपती आणि घरात तसबीर बुद्धांची, यावर लोक पूर्वी विनोद करायचे. नाव ठेवलं तेव्हा पुढं छप्पन्न सालचं धर्मांतर येणार आहे हे माझ्या आईला कुठं ठाऊक होतं?

क्लास मी किती वर्षं घेणार? खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप माझ्या लेकीसाठी, मनालीसाठी आहे. पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिनं विषय इंग्रजीच घेतलाय. आमच्या वस्तीत इंग्रजी पहिल्यांदा मी आणलं, ते माझ्याबरोबर संपू नये, एवढीच इच्छा आहे. तिनं माझ्याकडून नीट शिकावं आणि हा क्लास माझ्या हातून घ्यावा. हे तिला मी बोलून दाखवलेलं नाही. त्यात बोलायचं काय, तिला कळतच असणार.


१७ जून, सोमवार

क्लास सुरू! घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी, भिंतीला फळा, एक बाक. दहावीची पोरं-पोरी दाटीवाटीनं बसली होती.

पहिल्याच दिवशी माझा हुकमाचा एक्का काढला. फळ्यावर लिहिलं: 'द बॉय हू केम यस्टरडे इज माय नेफ्यू'. विचारलं, "नेफ्यू म्हणजे भाचा. मग भाचा कोण?" एक म्हणाला, "काल." दुसरा म्हणाला, "काल म्हंजे भाचा."

मग बाकावर दोघांना बसवलं. एकजण कर्ता, दुसरा क्रियापद. सांगितलं, "हे नवराबायको. यांचा संसार सरळ आहे: 'द बॉय इज माय नेफ्यू', तो मुलगा माझा भाचा. आता बघा." तिसऱ्याला दोघांच्या मधे कोंबला. हा 'हू केम यस्टरडे', म्हणजे 'जो काल आला'. हा पाहुणा. मराठीत आपण 'जो मुलगा काल आला, तो माझा भाचा' असं म्हणतो, पाहुण्याला दारातच भेटून मोकळे होतो. इंग्रज मात्र त्याला थेट नवराबायकोच्या मधे पथारी टाकून देतो. मग नवरा कोण, बायको कुठं, काही उमगत नाही.

"मग काय करायचं?"

पोरं बाकाकडं बघायला लागली. मी ओरडलो, "पावणं उठवा!"

पोरांनी पाहुण्याला दंड धरून उठवला आणि आख्खा सोपा 'पावणं उठवा' म्हणून दणाणला. पलीकडच्या शालूबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. दोन-दोन पाहुण्यांचं वाक्य दिलं तर पोरांनी दोन्ही उठवले.

जाताना एकच नियम सांगितला. वाक्य संपेपर्यंत दम धरायचा. मधेच अर्थ लावायला गेलात तर तोंडावर पडाल.

अशी पद्धत कोल्हापुरात दुसऱ्या कोणाकडे असेल तर दाखवावी.


२३ जून, रविवार

आज जरा विरस झाला. मनाली माझा तास ऐकत आतल्या दारात उभी होती. पाहुणा उठवून झाला आणि ती पोरांच्या देखत म्हणाली, "आण्णा, उठिवलं ते बरोबर. पर त्येला परत..."

मी म्हणालो, "तास कुणाचा चाललाय?"

पोरं फिदीफिदी हसली. त्यात सौंदर्या सगळ्यांत पुढे. भुसार दुकानवाल्यांची ही पोरगी हुशार आहे, पण तोंडाला कुलूप नाही. मनाली आत गेली.

संध्याकाळी भाकरी खाताना तिनं विचारलं, "आण्णा, एकांदा तास मी घेऊ?" मी म्हणालो, "आधी बी.ए. हो. खडू काय पळून जात नाही." मी काही वाईट बोललो नाही. माझ्या पहिल्या मुख्याध्यापकांनी तर मला वर्षभर खडूला हात लावू दिला नव्हता, नुसत्या वह्या तपासून घेतल्या. त्यानं माझं काही बिघडलं नाही.


९ जुलै, मंगळवार

लिहिताना दोनदा कागद फाटला.

जेवताना मनाली म्हणाली, "आण्णा, उद्यापास्नं संध्याकाळचं मी लाइन बाजारात वीरेश सरांच्या क्लासला जाणार हाय. तितं मला..."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. ताट सरकवून उठलो.

हा वीरेश गडहिंग्लजकडचा, लिंगायताचा पोरगा. मिशी धड फुटलेली नाही, आणि विजेच्या सामानाच्या दुकानावर माडी भाड्यानं घेऊन इंग्रजी शिकवतो. फळा हिरवा, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. आणि त्याच्याकडं गणपती मास्तरची पोरगी इंग्रजी शिकायला जाणार! घरात विहीर असताना शेजारी पाणी मागायला जाण्यातला प्रकार.

बाळाबाई म्हणाली, "आवं, तिचं म्हननं तरी ऐकून घ्या की."

मी म्हणालो, "ऐकलं. जाऊ दे तिला. फी मात्र माझ्याकडं मागायची नाही."

मनाली म्हणाली, "फी न्हाईच लागत, आण्णा." फुकट शिकवतोय म्हणजे त्याच्याकडं पोरं नसणार, हे माझ्या लगेच लक्षात आलं.


२ ऑगस्ट, शुक्रवार

मनाली रोज पाचला जाते, सातला येते. आज तिच्या ओढणीला खडू लागला होता. विचारल्यावर म्हणाली, "फळ्याचा लागला आसंल." म्हणजे माझ्या पोरीला तिथं फळा पुसायला लावतात! बाळाबाईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिलाही वाईट वाटलं असणार.

सौंदर्या आणि तिच्या तीन मैत्रिणी क्लास सोडून लाइन बाजारात गेल्या.


१९ ऑगस्ट, सोमवार

आज मात्र छाती फुगली. दोन नवीन पोरं आली, तीही वीरेशच्या क्लासातून. म्हणाली, "तिकडल्या मॅडमनी पाठीवलंय. म्हणल्या, तुमचं मूळच कच्चं हाय, म्हैनाभर गणपती सरांकडं बसा. कर्ता आन् क्रियापद हुडकायला त्यांच्यावानी दुसरं कोन शिकवत न्हाय."

म्हणजे वीरेशनं मदतीला कोणी बाई ठेवलेली दिसते. कोण का असेना, शहाणी बाई आहे. दुसऱ्याच्या क्लासात राहून माणसानं एवढं खरं बोलावं, याला दानत लागते.

मनालीला मुद्दाम ऐकू जाईल असं बोललो, "बघ, तुझ्या मॅडमलाच माझी किंमत कळते." ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय, तिला लई कळती."


८ सप्टेंबर, रविवार

चहाच्या गाड्यावर वीरेश भेटला. उठून उभा राहिला, माझ्यासाठी चहा सांगितला. नम्र आहे, पण अशा नम्रतेवर मी भाळत नाही. म्हणाला, "सर, तुमची पावण्याची पद्धत लई भारी. आमच्याकडं पोरं त्याबिगर वाक्यालाच हात लावत न्हाईत."

मी विचारलं, "माझी पद्धत तुमच्याकडं कशी आली?"

तो हसून म्हणाला, "तुमच्या घरचीच हाय की, सर. आमी काय..."

चोर तो चोर, वर मलाच सांगतो की माल तुमच्या घरचा आहे! अर्धा कप तसाच ठेवून मी चालू पडलो. मागून तो 'सर, सर' करत होता. मी वळून बघितलं नाही.

आता कळलं सगळं. आमच्या भोळ्या पोरीकडून यानं पद्धत काढून घेतली आणि त्या मॅडमना शिकवली. मनालीला जाब विचारणार होतो. पण तिचा चेहरा बघून विचारवलं नाही. हल्ली खुशीत असते. कॉलेजातून येते, घाईनं दोन घास खाते आणि पळते.


२४ ऑक्टोबर, गुरुवार

सहामाही परीक्षेचा इंग्रजीचा पेपर पोरं घेऊन आली. उताऱ्यात शाळेची सहल कळंब्याच्या तलावावर गेलेली. वाक्य होतं, 'द चिल्ड्रन हू कुड नॉट स्विम वेअर सेंट होम'. प्रश्न, घरी कोणाला पाठवलं? माझ्या पोरांनी पाहुणा उठवला आणि बिनचूक लिहिलं, 'मुलांना'. पुढचा प्रश्न, तलावात कोण उतरलं? माझ्या सगळ्या पोरांनी एकमतानं लिहिलं, 'कोणीच नाही'.

ज्यांना पोहता येत नव्हतं तेवढ्यांनाच घरी पाठवलं होतं. बाकीची पोरं पाण्यात डुंबत होती. माझ्या क्लासनं त्यांनाही घरी धाडलं.

पेपर काढणाऱ्याची खोडी आहे, असं मी पोरांना सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. पण आकाराम म्हणून एक गप्प पोरगा आहे, तो म्हणाला, "सर, तिकडल्या क्लासातल्या सगळ्यांचं बरोबर आलंय." कसं काय, म्हणून विचारलं. त्याला सांगता येईना.

दुपारी भाकरी गोड लागली नाही. पद्धत माझीच आणि गुण त्यांच्या पोरांना? यात काहीतरी पाणी मुरतंय.


२० नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दिवाळीनंतर माझी आणखी पोरं गेली. आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. आज ठरवलं, वीरेशला चार पोरांसमोर विचारायचं की बाबा, पद्धत कोणाची? कडक इस्त्रीचा सदरा घातला. कारखाना सुरू झालाय, त्यामुळे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. त्यांतून वाट काढत लाइन बाजारात पोचेपर्यंत मनात आख्खं भाषण तयार होतं.

जिना चढतानाच वरून आवाज आला, "पावणं उठवा!" पाठोपाठ आख्ख्या वर्गाचा गलका. रक्त तापलं. वर गेलो. दार उघडं होतं. वीरेश मागच्या खुर्चीत वह्या तपासत बसला होता. बाकावर तीन पोरं, मधला पाहुणा.

फळ्यापाशी मनाली होती.

मला वाटलं, फळा पुसायला उठली असेल. पण फळा भरलेला होता आणि अक्षर तिचं होतं. वर्गाकडे वळून ती म्हणाली, "थांबा. असं दंडाला धरून उठिवत्यात व्हय पावण्याला? घरी कोन आलं तर पहिलं काय विचारता?"

वर्ग ओरडला, "पावणं कुठलं?"

"मग?"

"कुणाकडं आलायसा?"

"हां. आता विचारा."

मधल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "मी 'हू कुड नॉट स्विम'. मी चिल्ड्रनकडं आलोय."

"म्हंजे घरी कुठली पोरं गेली?"

"पोहता न येनारी!"

"आता उठवा. संसार बघा. दिसला? मग पावण्याला परत नेऊन जागेवर बसवा. न बोलता लावून दिला तर घरची बातमीच कळायची न्हाय."

पोरांनी पाहुण्याला मानानं परत बसवलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. तेवढ्यात सौंदर्या उठली आणि म्हणाली, "मॅडम, पर गनपती सर तर म्हनत्यात, उठवा आन् इसरा. मग सर चुकत्यात?"

वर्ग हसला. मनाली हसली नाही.

म्हणाली, "बाई, पावना बसलाय हेच आदी कुनाला दिसत न्हवतं. त्यो सरांनी दाखिवला. उठवायला मला त्यांनीच शिकिवलं. ते केलं म्हनून मला पुढचं सुचलं. इतनं पुढं त्यांचं नाव काढताना उभं राहून काढायचं."

माझं भाषण जिन्यात कुठंतरी गळून पडलं. मी खाली उतरलो. खालच्या विजेच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काय पावणं, दिवा पायजे काय?" मी तसाच रस्त्याला लागलो. डोळे भरले होते. राग होता, लाजही वाटत होती. पण खरं सांगतो, सगळ्यांत जास्त काय होतं तर अभिमान. काय शिकवते पोरगी! आवाज कसा, उभं राहणं कसं! आणि पोरांच्या नजरा तिच्यावरून हलत नव्हत्या. एवढ्या वर्षांत माझा तरी तास इतका रंगला होता का, कुणास ठाऊक.

ती तिकडली मॅडम कोण, हे मला आज कळलं. आख्ख्या बावड्यात सगळ्यांत शेवटी.


२१ नोव्हेंबर, गुरुवार

बाळाबाईला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. चुलीवरचा तवा उतरवून माझ्यासमोर बसली.

"मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. गल्लीला ठावं हाय. तिनं तुमास्नी सांगाय घेतलंतं, तवा ताट सरकिवलासा. वीरेश मास्तर सांगाय लागला, तवा च्या टाकून आलासा. पोरास्नी सांगता वाक्य संपुस्तर दम धरा, आन् लेकीचं एक वाक्य शेवटापातूर ऐकलासा काय?"

मी म्हणालो, "मग तू का सांगितलं नाहीस?"

"मी बोलाय लागल्यावर तरी कुठं ऐकता?"

एवढं बोलून तिनं तवा परत चुलीवर चढवला.


२४ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस मनालीशी बोलायचं म्हणतोय, जमत नाही. ती समोर आली की मी वर्तमानपत्र उघडतो.

आज ते सोडून लाइन बाजारात गेलो. रविवारी तिकडं क्लास नसतो, वीरेश एकटाच खुर्च्या लावत होता. मला बघून बिचारा घाबरला. मी खाली बोर्डाकडे बोट दाखवून विचारलं, "यावर माझ्या पोरीचं नाव कुठं आहे?"

"सर..."

"सर-बिर काही नाही. तास ती घेते, पोरं तिच्यासाठी येतात, आणि बोर्डावर एकट्याचं नाव लावून बसलाय! शोभतं का?"

"सर, मला एकदा बोलू द्या की."

जिभेवर आलेलं गिळलं आणि म्हणालो, "बोला. संपेपर्यंत बोला."

वीरेश म्हणाला, "मी नाव घालतो म्हणून किती येळा म्हटलं. पेंटरसुदिक बोलावलता. त्याच न्हाय म्हणत्यात. म्हणत्यात, माझं नाव इथं लागलं तर आण्णांची राह्यलेली पोरं पन हिकडं येतील. त्यांचा बोर्ड वर हाय तवर माझं नाव लावायचं न्हाय. कच्ची पोरं पन त्याच तुमच्याकडं लावून देत्यात, सर. मी म्हटलं, आपलं नुकसान होतंय. तर म्हणल्या, होऊ दे."

मी खुर्चीत बसलो. त्यानं पाणी आणून दिलं.

घरी येताना वाटेत माझा बोर्ड दिसला. जूनमध्ये केवढ्या तोऱ्यात लावला होता. मला वाटत होतं, या बोर्डाखाली मी तिला उभं करणार आहे. आणि इथं तीच इतके महिने खालून टेकू देऊन माझा बोर्ड वर धरून उभी होती.


२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मनाली कॉलेजला निघताना म्हणालो, "थांब. बैस."

ती बसली. मी म्हणालो, "जुलैमध्ये तू काहीतरी सांगत होतीस. 'तितं मला' म्हणालीस आणि मी उठलो. आता सांग पुढचं."

तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तितं मला शिकवायला बोलावलंय. तुमची पद्धत शिकवनार हाय, तुमचं नाव सांगून शिकवनार हाय, पर थोडं माझं बी त्यात घालनार हाय. तुमास्नी चालंल काय, आसं इचारायचं हुतं." आमच्या घरात बायाबापड्या एरवी एवढं लांब वाक्य बोलत नाहीत. मी ते शेवटपर्यंत ऐकलं.

म्हणालो, "चालेल."

तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. ती गेल्यावर बाळाबाई आतून म्हणाली, "बोर्डाचं काय करनार हायसा?" या बाईला सगळं आधी कळतं.


१ डिसेंबर, रविवार

बोर्ड उतरवला. शेजारचा पिराजी शिडी घेऊन आला आणि हळहळत म्हणाला, "सर, क्लास बंद केलासा?" मी म्हणालो, "बंद कशानं? माझा क्लास वाढलाय. आता तो लाइन बाजारात भरतो." त्याला वाटलं, मी मन राखायला बोलतोय. लोकांना खरं सांगितलं तरी पटत नाही.

दुपारी पेंटरला घेऊन वीरेशकडं गेलो. नाव माझ्या डोळ्यांसमोर लिहून घेतलं. पेंटर 'कु. मनाली' लिहीत होता. मी थांबवलं आणि 'प्रा.' लिहायला सांगितलं. वीरेश हळूच म्हणाला, "सर, अजून त्यांची बी.ए. व्हायचीय." शेवटी 'मनाली मॅडम' यावर तोडगा निघाला. अक्षरं वीरेशच्या नावाएवढीच आहेत, मी वितीनं मापून घेतली.


२ डिसेंबर, सोमवार

माझ्या उरलेल्या पोरांना घेऊन पाचच्या आत माडीवर गेलो. मनालीला काही सांगितलं नव्हतं. ती कॉलेजातून परस्पर येणार होती. पोरं पुढं बसली, मी शेवटच्या खुर्चीत. आकारामनं विचारलं, "सर, तुमी मागं का?" मी म्हणालो, "मला पुढचं शिकायचंय." आज हे सांगताना मला जड गेलं नाही, उलट बरं वाटलं.

वीरेश म्हणाला, "सर, तुमी पुढं बसा, खुर्ची लावतो." मी त्याला गप्प बसवलं. जुनी सवय एका दिवसात थोडीच जाते?

जिन्यात चपलांचा आवाज आला. मनाली दारात आली, हातात डस्टर आणि छातीशी पुस्तक. वर्ग खडखडून उभा राहिला.

मीही उभा राहिलो.

तिनं वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मग दोन पावलं पुढं येऊन हळू आवाजात म्हणाली, "आण्णा, तुमी नका उभं राहू..."

मी म्हणालो, "मॅडम, सगळा वर्ग उभा आहे. सुरू करा."

ती फळ्याकडं वळली. पाठमोरी असतानाच ओढणीनं डोळे पुसलेले मला दिसले. मग नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बसा."

पोरं बसली. मग मी बसलो.